आमची वाटचाल: शाडू, साचा आणि अर्धा इंच

आमच्या ९ इंची बैठ्या गणपतीचा साचा ९ इंचांचा नाही, साडेनऊचा आहे. पेण, हमरापूर, जोहे इथे ज्याने एक हंगाम शाडू दाबलाय त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. ओला शाडू वाळताना शेकडा पाच-सहा आक्रसतो, म्हणून मॉडेलच तेवढं मोठं घडवायचं. ग्राहक ९ इंचांची मूर्ती नेतो, कारखान्याच्या वहीत ती साडेनऊची असते. हा अर्धा इंच पुढे पुन्हा येणार आहे.

कारखाना दोघांच्या भागीदारीत सुरू झाला. एकाकडे मॉडेल आणि आखणी (म्हणजे डोळे रेखणं), दुसऱ्याकडे साचे. तेव्हाचा साचा म्हणजे प्लास्टरचा, तुकड्यातुकड्यांचा. (गंमत बघा, शाडूची मूर्ती करायची तरी साच्याला प्लास्टर ऑफ पॅरिस लागतंच. प्लास्टरला नुसत्या शिव्या देणाऱ्यांना हे माहीत नसतं.) ९ इंची मूर्तीला आमच्याकडे अकरा तुकडे होते, हात वेगळे. प्रत्येक तुकड्याच्या कडेला खाचा, म्हणजे शेजारचा तुकडा जागेवर बसतो, आणि सगळ्यांवरून दोन पाखांचं कवच. कुठला तुकडा कुठे संपवायचा हे ज्याला कळतं तो साचेकार. सोंडेचा वळसा, कानामागची पोकळी, पोट आणि मांडी यांमधली फट, या तीन जागी साचा अडकतो. ओढलात तर एक तर कान हातात येतो, नाहीतर साच्याचं टोक मोडतं. भागीदाराचे साचे कधी अडकले नाहीत. पुढे जे झालं ते झालं, पण हे कबूल करायलाच हवं.

प्लास्टरचा साचा पाणी पितो, हाच त्याचा गुण. दाबलेल्या शाडूची बाहेरची कड वीसेक मिनिटांत सुकते आणि साच्यापासून सुटते. पण सकाळपासून दहा-बारा मूर्ती काढल्या की साच्याचंच पोट भरतं आणि माती चिकटायला लागते. नवखा कारागीर अशा वेळी तेलाचा बोळा फिरवतो. तेल लागलं की साच्याची छिद्रं बुजली, तो साचा संपला. दोन संच ठेवा, एक कामात, एक उन्हात. चिकटलंच तर शंखजिऱ्याच्या (टाल्कच्या) पुडीची पुरचुंडी हलकी झटका, त्यापलीकडे काही नको.

शाडू भावनगरकडून येतो, पिठासारखा, गोणीतून. ३० किलोला साधारण ९ लिटर पाणी, त्यात मूठ-दोन मुठी पिंजलेला कापूस. मळून झाल्यावर ओल्या गोणपाटाखाली रात्रभर मुरू द्यायचा. घाईने लगेच दाबला तर आत कोरड्या गाठी राहतात आणि तिथेच तडा जातो. अंगाची जाडी अर्धा इंच, बुडाला पाऊण. जाडी सारखी नसली की पातळ भाग आधी वाळतो, जाड भाग मागून वाळताना त्याला ओढतो. म्हणून तडे नेहमी सोंडेच्या बेचक्यात आणि कोपराच्या जोडावर. हाताला आधार म्हणून तार घालू नये. माती आक्रसते, तार आक्रसत नाही, मग हात तारेच्या रेषेवरच फुटतो. आणि पडलेला तडा ओल्या शाडूने भरायचा नाही. तो शाडूही वाळताना आक्रसणार, म्हणजे आठ दिवसांनी तडा पुन्हा तिथेच. दोन्ही कडा ओलसर करून खडूची पूड, डिंक आणि थोडा कापूस यांचा घट्ट लेप भरा.

हत्यारांना फार खर्च नाही. छत्रीची काडी ठोकून केलेली कोरणी, बांबूच्या तीन कोरण्या, स्पंज, फिरता पाट. पैसा घालायचा तो आखणीच्या ब्रशात. खारीच्या केसांचा शून्य नंबर, टोक एकच, मधे फाटणारा नको. डोळ्याची वरची पापणी आधी, दोन्ही डोळ्यांची एका बैठकीत, मग बुबुळं. एक डोळा आज आणि एक उद्या केला की नजर फाटते. मूर्ती चौरंगावर असते आणि माणूस खाली बसलेला, म्हणून नजर किंचित खाली हवी. बुबुळ चुकलं तर ओल्या फडक्याने पुसू नका, खालचा पांढरा हात, म्हणजे मातीवरचा पांढऱ्या रंगाचा थर, निघून माती उघडी पडते. वाळू द्या, पांढऱ्याने झाका, पुन्हा काढा.

मग रबर आलं. मूळ मूर्तीवर लेटेक्सचे आठ-दहा थर, एक वाळला की दुसरा, बाहेरून प्लास्टरचं कवच. मोज्यासारखं सोललं की सोंडेवरून सहज निघतं. अकरा तुकड्यांची विद्या एका बादलीत बुडाली. रबरात प्लास्टर ओतायचं, आतून काथ्या लावायचा, वीस मिनिटांत मूर्ती बाहेर. शाडू दाबणारा दिवसाला दहा-बारा करतो, ओतणारा त्याच्या चौपट. शिवाय त्याला पावसाची धास्ती नाही. जिप्सम भाजून त्यातलं पाणी काढलं की प्लास्टर होतं, पाणी परत मिळालं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. शाडूत असं काहीच घडत नाही. पाणी आलं आणि पाणी गेलं, एवढंच. म्हणून विसर्जनात शाडू विरतो आणि प्लास्टर तळाशी बसून राहतं.

भागीदार प्लास्टरकडे वळला, कच्च्या मालाच्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्तींच्या, धंद्यात गेला. त्यात गैर काही नाही. हमरापूर-जोह्यातली कितीतरी घरं न रंगवलेल्या मूर्तींवर चालतात, बाहेरगावचे व्यापारी टेम्पो भरून नेतात आणि आपापल्या गावी रंगवतात. आमची तक्रार निराळी आहे. जाताना त्याने साचा नेला नाही, मूर्ती नेली. रीतसर विकत घेऊन, पावतीसकट. तिच्यावर रबर चढवलं आणि पंधरवड्यात आमचा गणपती निम्म्या दरात बाजारात आला. ज्याच्याशी ताटात ताट होतं त्याच्यावर फिर्याद काय करायची, म्हणून गप्प राहिलो. आज वाटतं, मॉडेलची नोंदणी तरी करायला हवी होती. नव्या मूर्तिकारांनो, तुम्ही करा. पहिली मूर्ती विकायच्या आधी करा.

नक्कल ओळखणं अवघड नाही. रबराचे पहिले दोन थर जाड गेलेले असतात, त्यामुळे मुकुटावरचे मोती एकमेकांत मिसळतात, बोटांची पेरं बोथट होतात, जानव्याची रेघ बुजते. आणि माप. प्लास्टर आक्रसत नाही, त्यामुळे प्लास्टरची नक्कल आमच्या वाळलेल्या मूर्तीएवढी, बरोबर ९ इंच भरते. पण त्याच रबरात कुणी शाडू दाबला की तो वाळताना आणखी आक्रसतो आणि मूर्ती साडेआठ इंचांची होते.

हे आम्हाला कळलं ते दादरच्या एका घरामुळे. मूर्ती ज्यावर बसवून न्यायची तो त्यांचा पाट दरवर्षी आमच्याकडे येतो, सागवानी, १४ बाय १२ इंच, कडेला वेलबुट्टी. मूर्ती त्या वेलबुट्टीच्या आत बसली पाहिजे आणि मुकुट कोनाड्याच्या कमानीखाली बोटभर राहिला पाहिजे. चेहरा तोच, दरवर्षी. एका वर्षी घरातल्या धाकट्याने जवळच्या मंडपातून ‘पेणचा तोच, शाडूचा’ म्हणून गणपती आणला. आजींनी पट्टी लावली. अर्धा इंच कमी. तो गणपती त्यांनी श्रद्धेने पुजला, पण पुढच्या वर्षी पाट पुन्हा आमच्याकडे आला, आणि सोबत ती पट्टीसुद्धा.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं बरी गेली.

२०२० मात्र एकावर एक आलं. १२ मेला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात प्लास्टरच्या मूर्तींना मनाई. आम्हाला वाटलं, चला, शाडूवाल्यांचे दिवस आले. त्याच महिन्यात ती मनाई वर्षभर पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. टाळेबंदीत अर्धे कारागीर गावी अडकलेले. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कारखान्याचे पत्रे गेले, फळ्यांवर आठशेच्या आसपास मूर्ती होत्या.

भिजलेला शाडू सगळा सारखा वाया जात नाही. अर्धओल्या मूर्ती बसल्या, त्यांची माती पुन्हा मळता आली, नुकसान मजुरीचं. पूर्ण वाळलेल्या पण कच्च्या मूर्तींनी सगळ्यात मोठा धोका दिला. कोरडा शाडू पाणी झपकन ओढतो, बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच कोरडा, मग पापुद्रे सुटतात. पुन्हा वाळल्यावर मूर्ती वरून धड दिसते. टिचकी मारा. आवाज एकसंध आला तर ठेवा, खरखरला तर ती मूर्ती ग्राहकाच्या हातात फुटणार. पांढरा हात दिलेल्या वाचल्या, कारण पाणी वरून शिरलं नाही, फक्त उघड्या बुडातून चढलं. त्या लगेच भाताच्या तुसावर उताण्या ठेवल्या आणि बुडं नव्याने बांधली. रंगवलेल्या मूर्तींवरची सोनेरी भुकटी दमट हवेने काळवंडली, पितळेचीच ती. रंग लागलेली माती मात्र परत मळता येत नाही. रंगाचे पापुद्रे नव्या मूर्तीच्या अंगावर खड्डे पाडतात, कितीही चाळा.

जुलैत राज्य सरकारची उंचीची मर्यादा आली: सार्वजनिक ४ फूट, घरगुती २ फूट. आमच्याकडे २७ इंचांच्या घरगुती मूर्ती चाळीस, वाळून तयार. व्यापाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्या मूर्तीचं आसन ३ इंचांचं होतं, ते कापायचं ठरलं. वाळलेल्या शाडूवर सरळ करवत चालवली तर कडेचे टवके उडतात. कापायच्या रेषेभोवती ओल्या फडक्याची पट्टी दोन तास गुंडाळून ठेवली, मूर्ती वाळूच्या पोत्यावर आडवी, हॅकसॉचं पातं चारी बाजूंनी थोडं थोडं आत नेलं. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटचा इंच मोडतो आणि मांडी घेऊन जातो. चाळीसातल्या चार गेल्या. २२ ऑगस्टला चतुर्थी, त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत बुडं चिकटवत होतो. त्या हंगामाचं देणं फिटायला तीन हंगाम लागले.

आता वारं फिरलंय. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ ला प्लास्टरच्या मूर्ती करायला-विकायला मोकळीक दिली, पण नदी-समुद्रासारख्या नैसर्गिक पाण्यात त्यांचं परस्पर विसर्जन नाही असं सांगितलं. लगेच बाजारात ‘शाडू’ वाढला. माती तेवढी वाढली नाही. प्लास्टरच्या मूर्तीच्या बुडाला आतून शाडूचं पाणी फासायचं आणि करडा रंग दाखवायचा, असे माल आम्ही हातात घेऊन पाहिलेत. त्यातल्या एका मालाचं मॉडेल आमचंच होतं. घेताना मूर्ती उलटी करून बघा. शाडूत आतून दाबलेल्या बोटांचे ठसे दिसतात, प्लास्टरमध्ये काथ्याचे धागे. ओलं बोट जोरात घासा, शाडूचा चिखल बोटावर येतो. किल्लीने थोडं खरवडा, वरचा करडा थर जाऊन आत पांढरं निघालं तर काय ते समजा. वजनही बघा. फूटभर उंचीची शाडूची मूर्ती पाच-सहा किलो भरते. हलकी आहे म्हणून खूश होऊन नेणारे आम्ही रोज बघतो.

शाडू म्हणजे पुण्य असंही समजू नका. तोही खाणीतून येतो, आणि गावच्या विहिरीत पाचशे मूर्ती सोडल्या तर गाळ साचतोच. घरच्या बादलीत विसर्जन करा, मूर्ती बुडून वर चार बोटं पाणी. रंग पातळ असेल तर एका रात्रीत विरते. ऑइलपेंटने रंगवलेली असेल तर तीन दिवस ढिम्म हलत नाही आणि लोक आमच्या मातीला नावं ठेवतात. खालची माती चाळून कुंडीत घाला. घरात प्लास्टरचीच मूर्ती आली असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली अमोनियम बायकार्बोनेटची रीत आहे, त्यात दोनेक दिवस लागतात आणि वास येतो, बादली उघड्यावर ठेवा.

मूर्ती उचलताना पाटाला धरा, हाताला किंवा कानाला नाही. गाडीत मांडीवर घ्या, डिकीत नको. ओला हार थेट गळ्यात घालू नका, पाणी छातीवरून उतरून रंग फोडतं. अभिषेक सुपारीवर करा.

पाट आणायचा असेल तर आषाढ संपायच्या आत आणा. एप्रिलमध्ये दाबलेली मूर्ती पाच-सहा दिवसांत वाळते, श्रावणात तिलाच पंधरा दिवस लागतात, आणि पंख्याखाली ठेवली की एका अंगाने वाळून तडकते. दादरचा पाट यंदा वटपौर्णिमेलाच येऊन पडलाय. पट्टी त्याच्यावर दोऱ्याने बांधलेली आहे.