‘पण काही म्हण, रेल्वे तर इंग्रजांनीच दिली ना?’

एम.ए.ला इतिहास घेतलाय आणि साम्राज्यवादाचा पेपर आवडीने शिकतेय, असं सांगितलं की नात्यातलं, शेजारचं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. ठाण्यात तर जास्तच, कारण 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी इथेच येऊन थांबली. काका, तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

मुळात इंग्रज ठाण्यात शिरले ते रेल्वेच्या पाऊणशे वर्षं आधी. साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट, आणि ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, 1737 साली, पोर्तुगीजांकडून घेतला होता. 1774 च्या अखेरीस पोर्तुगीज आरमार तो परत घ्यायला येतंय अशी कुणकुण लागली आणि मुंबईच्या इंग्रजांनी त्यांच्याआधीच हल्ला करून किल्ला घेतला. तह झाला नंतर, मार्च 1775 मध्ये, सुरतेला. राघोबादादांना पेशवाई हवी होती, इंग्रजांना साष्टी आणि वसई. पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो तह नामंजूर केला, युद्ध झालं, 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. आधी ताबा, मग कागद, आणि कागदावर आपल्याच घरातल्या माणसाची सही. हा क्रम वाचून मला राग येतो, आणि तो फक्त इंग्रजांचा नाही.

तो किल्ला म्हणजे आपलं मध्यवर्ती कारागृह. त्या दगडी तटाशेजारून टीएमटीच्या बसेस जातात, भेटीला आलेल्या बायका कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन नंबर लागायची वाट बघत असतात. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला. ही नावं मला शाळेत धड्यात भेटली, पण ती जागा आपल्या रोजच्या वाटेवर आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता रेल्वे. ती बांधणारी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही लंडनची खासगी कंपनी. तिच्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी होती. नफा कमी पडला तर फरक भरायचा भारताच्या महसुलातून, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून, मिठावरच्या करातून. जमीनही फुकट. समजा, रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरला सांगितलं, की फ्लॅट विकले गेले नाहीत तरी तुझा नफा आम्ही मेंटेनन्समधून भरू, तर तो काटकसर कशाला करेल? हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीच पार्लमेंटच्या समितीपुढे कबुली दिली होती, की पाच टक्क्यांची हमी असल्यावर आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळी नदीत फेकला, याच्याशी इंग्लंडमधल्या भांडवलदाराला कर्तव्य नव्हतं. दादाभाई नौरोजींनी भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या संपत्तीच्या ज्या निचऱ्याचा हिशेब आयुष्यभर मांडला, त्यातलाच हा एक ओघ.

रेल्वे हवी कशाला, हे गव्हर्नर जनरल डलहौसीने 1853 च्या टिपणात लपवलेलं नाही: फौजा झटपट हलवता याव्यात, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळावा. आपल्या माणसांनाही रेल्वे हवी होती, हेही खरं. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय तिच्यासाठी धडपडले, त्यांना मी दोष देणार नाही. शहराचं भलं त्यांना दिसत होतं, आणि ते झालंही. पण पुण्याकडे जाणारा बोरघाट फोडताना पटकीने, तापाने, सुरुंगाच्या स्फोटांत हजारो मजूर मेले. त्यांची नावं शोधायला गेलं तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. मला पुढे काम करायचंय ते त्यांच्यावर.

तेव्हा काका, रेल्वेचं बिल आपणच भरलंय, आणि एकदाच नाही. 1900 साली सरकारने ही लाइन कंपनीकडून विकत घेतली, तेव्हा भागधारकांचे पैसेही भारताच्याच तिजोरीतून गेले. गाड्या चालवायचं काम त्यानंतरही 1925 पर्यंत त्याच कंपनीकडे राहिलं.