तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूचा अभ्यास करतेस, मग गुडघ्याचं काय बोलतेस?

लग्नात, बारशात, संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला गेलं तरी कोणीतरी हमखास विचारतंच, की अगं तू तर मेंदूवर काम करतेस ना, मग सारखं संधिवात, सांधे, गुडघे काय बोलत असतेस, त्यांचा नि मेंदूचा काय संबंध? दरवेळी मी उभ्या उभ्या दोन मिनिटांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज बसून लिहिते, थोडं लांबेल.

माझ्या आत्तीपासून सुरू करते, कारण माझ्यासाठी हे सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. आत्ती कोल्हापुरात गंगावेशीत राहते. तिला र्‍हुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे सगळ्यालाच संधिवात म्हणतात, पण म्हातारपणी गुडघा झिजतो तो हा नव्हे, ह्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. आत्तीला तो बेचाळिसाव्या वर्षी बोटांपासून सुरू झाला. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही, दुधाचं पातेलं दोन हातांनी धरावं लागायचं, भाकरी थापायची गोष्टच सोडा. मग मेथोट्रेक्सेट, म्हणजे ती उलटलेली रोगप्रतिकारशक्ती आवरणारं औषध, सुरू झालं (आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे ही, रोज नाही, कोणाच्या घरी चालू असेल तर एकदा पाकीट तपासून बघा, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं), दोन वर्षांत सूज उतरली, ईएसआर, सीआरपी हे रक्ताच्या तपासणीत सूज दाखवणारे आकडे सगळे खाली आले, घरात पेढे आणले.

फक्त आत्तीचं दुखणं काही थांबलं नाही.

एका डॉक्टरांनी फाइल बघितली आणि म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत, आता दुखणं मनातून काढून टाका. घरी आल्यावर तिचा मुलगा पण तेच म्हणाला, आई, डॉक्टरच म्हणाले ना काही नाही म्हणून. त्या दिवसापासून आत्तीनं दुखतंय हे म्हणणंच सोडलं. मी तेव्हा पीएचडी करत होते, दिवसभर मायक्रोस्कोपखाली उंदराच्या मज्जारज्जूचे काप बघायचे, आणि सूज उतरली तरी आत्तीला का दुखतं ह्याच्या उत्तराचा मोठा भाग माझ्या त्या काचपट्टीवरच होता, आणि मला ते तिला सांगायला सुचलं नाही. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर काचपट्टीवर काय होतं ते सांगते. मेंदू म्हटलं की आपल्याला न्यूरॉन माहीत असतात, निरोप पोचवणाऱ्या पेशी. माणसाच्या मेंदूत ते साधारण 8600 कोटी आहेत. पण जवळपास तेवढ्याच दुसऱ्या पेशी पण आहेत, त्यांना ग्लिया म्हणतात. जुन्या पुस्तकांत ह्या न्यूरॉनच्या दहापट असतात असं छापलेलं असायचं, पण नीट मोजल्यावर ते खरं निघालं नाही. 1856 मध्ये रुडॉल्फ विरखॉव ह्या जर्मन डॉक्टरांनी ह्यांना न्यूरोग्लिया नाव दिलं, ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये गोंद, न्यूरॉनना जागेवर धरून ठेवणारा नुसता चिकटा. ते नाव असं बसलं की पुढं कितीतरी वर्षं ह्या पेशी काही करत असतील असं फारसं कोणाच्या मनातच आलं नाही.

आपल्या तालमीतलं उदाहरण देते. मैदानात सगळ्यांची नजर पैलवानावर असते, पण तांबडी माती कोणीतरी रोज उकरतं, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मऊ ठेवतं, खडा लागला तर वेचून काढतं. माती बिघडली तर कितीही तयारीचा पैलवान असू दे, कुस्ती धड होत नाही. ग्लिया ती माती पण आहेत आणि माती राखणारी माणसं पण आहेत. त्यातल्या अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे चांदणीच्या आकाराच्या पेशी, त्या न्यूरॉनना खाऊपिऊ घालतात, दोन न्यूरॉनमध्ये सांडलेलं रसायन उचलतात. आणि दुसऱ्या मायक्रोग्लिया, ज्या 1919 मध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा ह्या स्पॅनिश संशोधकांनी पहिल्यांदा वेगळ्या ओळखून दाखवल्या. ह्या मेंदूच्या राखणदार. सगळं शांत असतं तेव्हा बारीक बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत असतात, गडबड कळली की फांद्या आखडतात, अंग जाड होतं आणि त्या स्वतःच रसायनं सोडायला लागतात.

आता सांध्याकडे येऊ. सुजलेल्या सांध्यात टीएनएफ, इंटरल्युकिन अशी सूज वाढवणारी रसायनं तयार होतात. ती तिथल्या नसांना चिडवतात, त्या नसा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येऊन ओरडत राहतात, आणि तिथल्या मायक्रोग्लिया (मेंदूत असतात तशा ह्या मज्जारज्जूत पण असतात) जाग्या होतात. एखादा दिवस ठीक आहे, त्यासाठीच त्या आहेत. पण सांधा महिनोन्‌महिने ओरडत राहिला तर ह्या राखणदार पेशी झोपतच नाहीत. त्या सोडतात त्या रसायनांनी दुखण्याचा निरोप नेणारे न्यूरॉन हळवे होतात, हलका स्पर्शही त्यांना मार वाटायला लागतो. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसतं, की पायाची सूज पूर्ण उतरते, तरी कितीतरी दिवस उंदीर तो पाय टेकवायला बघत नाही, आणि मज्जारज्जूतल्या ग्लिया अजून चवताळलेल्याच असतात. आग विझली तरी अंगण तापलेलंच.

उंदरांचं झालं, माणसांचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे. 2012 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी र्‍हुमेटॉइडच्या पेशंटचं पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात इंटरल्युकिन-1 बीटा वाढलेलं मिळालं. म्हणजे बोटांच्या सांध्यातला आजार मेंदू-मणक्याच्या पाण्यापर्यंत पोचलेला होता. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्या टीमनं अजून एक गोष्ट दाखवली, ती मला फार आवडते. पेशंटना टीएनएफ अडवणारं औषध दिलं आणि एमआरआयमध्ये झोपवून बोटांचे दुखरे सांधे दाबले, तर 24 तासांत मेंदूतली दुखण्याची खळबळ कमी झालेली दिसली, आणि सांध्याची सूज अजून तशीच होती. ती नंतर उतरली. मेंदूला आधी कळलं, सांध्याला नंतर.

रस्ता उलटा पण आहे. व्हेगस नावाची एक लांब नस मेंदूपासून पोटापर्यंत जाते आणि तिच्यातून सूज आवरायचे निरोप पण जातात. 2016 मध्ये 17 पेशंटवर ती नस बारीक विजेनं उद्दीपित करून बघितली तेव्हा टीएनएफ कमी झालं आणि बऱ्याच जणांचे सांधे सुधारले. 2025 मध्ये अमेरिकेत अशा मानेत बसवायच्या यंत्राला परवानगी पण मिळाली.

झिजलेल्या गुडघ्याचं काय, हे सगळ्यात जास्त विचारतात. तिथं सूज कमी असते, पण कोडं तेच. एक्स-रेमध्ये गुडघा पार घासलेला असतो आणि माणूस जोतिबाचा डोंगर चढून येतो, दुसऱ्याचा एक्स-रे बरा असतो आणि त्याला उंबरा ओलांडवत नाही. गुडघा बदलून नवा बसवला तरी शंभरातल्या वीसेक जणांचं दुखणं राहतं. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरलेले राहतात ते तर आपल्या प्रत्येक पेठेनं बघितलंय. ह्या सगळ्यांच्या मागं ग्लियाच आहेत असं मी म्हणणार नाही, पण दुखणं फक्त सांध्यात राहत नाही एवढं नक्की.

मग ग्लियांना गप्प करणारी गोळी द्या की, असं परवा एका काकांनी अगदी कळवळून सांगितलं. प्रयत्न झालेत काका. प्रोपेंटोफायलिन नावाचं औषध उंदरांत छान चाललं, आणि नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यावर माणसांना दिलं तेव्हा उपयोग झाला नाही. ह्या पेशींना सरसकट बंदही करता येत नाही, त्या मेंदूची राखण करतात हो. त्यामुळं आज तरी सांध्याची औषधं वेळेवर आणि लवकर सुरू करणं, म्हणजे ओरडा मणक्यात मुरायच्या आत थांबवणं, झेपेल तेवढं रोज चालणं आणि झोप नीट होणं, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. आणि मेंदूचं आहे म्हणून सांध्याची गोळी बंद करू नका, पाया पडते.

गेल्या दिवाळीत मी आत्तीला फोनवर अ‍ॅस्ट्रोसाइटचा फोटो दाखवला, हिरव्या रंगात चमकणाऱ्या चांदण्या. तिला सांगितलं की आत्ती, सूज गेली तरी ह्या चिडलेल्या राहू शकतात, मग खरंच दुखतं, ते मनाचं नसतं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाली, ह्या माझ्यात पण हाईत व्हय? म्हटलं, सगळ्यांच्यात असतात. मग फोन माझ्या हातात देऊन डावं मनगट चोळत म्हणाली, काल रात्री दोन वाजल्यापासनं ठणकत होतं बघ, कुणाला उठवलं न्हाई.