पहिली रायफल : विकत घ्यावी की जुळवावी?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रामीण भागात थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या सोमवारी बऱ्याच शाळा बंद असतात. कारण हरणं. रायफलने हरणाची शिकार करायचा हंगाम पूर्वी त्या सोमवारी उघडायचा. 2019 पासून तो शनिवारी उघडतो, पण सोमवारची सुट्टी पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. अर्धी पोरं बापाबरोबर नाहीतर आजोबांबरोबर रानात गेलेली असतात, मग वर्गात शिकवायचं कोणाला?

अशा गावात राहायचं आणि शेजाऱ्यांच्या फ्रीजरमधलं हरणाचं मटण वर्षानुवर्षं फुकट खायचं, तर कधीतरी "येतोस का आमच्याबरोबर?" हा प्रश्न येणारच. मी हो म्हटलं. आईचा फोनवर पहिला प्रश्न, "तिथे दरोडे पडतात का रे?" दरोड्याचा काही संबंध नाही, हे तिला पटायला वेळ लागला. वडिलांना मात्र लगेच कळलं. यवतमाळकडे तूर-हरभरा वाचवायला रोही आणि रानडुकरांच्या मागे जागलीत त्यांच्या रात्री गेल्या आहेत. त्यांनी फक्त विचारलं, "केवढ्याला पडते?"

हा पोस्ट त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आधी कायदा, कारण इथे नव्याने आलेली मुलं यातच फसतात. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर बंदूक आणि काडतुसं विकत घेणं काय, बाळगणंही फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे मना आहे. वैध शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण त्या वाटेला जाण्याआधी वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा आणि राज्याचे पोलीस त्यांच्या यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासतात. 1959 च्या आपल्या शस्त्र कायद्याखाली लायसन्स मागायला कलेक्टर कचेरीत किंवा पोलीस आयुक्तालयात खेटे घातलेल्या माणसाला हे सगळं फारच पटकन उरकल्यासारखं वाटतं. मला तर जरा जास्तच पटकन वाटलं. शिकारीसाठी त्याशिवाय सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो आणि राज्याचं लायसन्स काढावं लागतं. राज्यातल्या रहिवाशाला ते साधारण 21 डॉलरला पडतं.

आता मुद्दा. माझं बजेट होतं दुर्बीण धरून आठशे-नऊशे डॉलर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं ठाम मत होतं की सुटे भाग मागवून रायफल स्वतःच जुळव, स्वस्तात पडेल. अमेरिकेत लोक 'बिल्ड' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यात एआर-15 असते, कारण तिचे भाग ठरलेल्या मापाचे आणि शेकडो कंपन्यांचे मिळतात. पण ती सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी झाडली की पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं, आणि पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. म्हणजे ते प्रकरण माझ्यासाठी तिथेच मिटलं. उरली बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट नावाचा खटका हाताने मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची रायफल.

बोल्ट-ॲक्शनही जुळवता येते. होवा 1500 या रायफलीची बॅरल (नळी) बसवलेली ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून झाडणारी यंत्रणा, घ्या आणि तिला आवडेल तो दस्ता लावा, ही सोपी वाट. किंवा सॅव्हेज 110 घ्या. 1958 पासून निघणाऱ्या या रायफलीची खुबी अशी की तिची बॅरल एका नटाने कसलेली असते, त्यामुळे ती बदलणं त्या मानाने सोपं. सोपं म्हणजे व्हाइस, खास पाना आणि हेडस्पेस मोजायचे गेज जवळ असतील तर. हेडस्पेस म्हणजे काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर बोल्टच्या तोंडापाशी किती जागा उरते याचा हिशेब. ती जास्त उरली तर काडतुसाचं पितळी कवच बुडाशी ताणलं जाऊन फाटू शकतं, आणि तेव्हा तुमचा गाल तिथून वितीभर अंतरावर असतो. यूट्यूब बघून पहिल्याच रायफलीवर हे शिकायची हौस मला नव्हती.

बरं, पैसे तरी वाचतात का? बॅरलसकट ॲक्शन साडेचारशे-पाचशेच्या घरात. बरा दस्ता किंवा त्याऐवजी लावायचा ॲल्युमिनियमचा सांगाडा (चॅसी) अजून दोनतीनशे. मग मॅगझिन, दुर्बिणीचा बेस, रिंगा, हत्यारं. बजेट इथेच संपलं आणि दुर्बीण अजून दुकानातच आहे. उलट सॅव्हेजची ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन यांच्यासारखी तयार रायफल साधारण चारशे ते सहाशे डॉलरमध्ये मिळते, आणि शंभर यार्डांवरच्या हरणाला लागेल त्याहून जास्त अचूक असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करून घेणाऱ्या पिढीतला मी. भाग वेगवेगळे घेतले की स्वस्त, हे माझ्या हाडात भिनलेलं. पण तिथे ब्रँडेड मशीनची किंमत फुगवलेली असायची म्हणून ते जमायचं. इथे स्वस्त तयार रायफली लाखांनी बनतात, आणि कारखान्याला बॅरल ज्या भावात पडते त्या भावात ती मला कोणी देणार नाही.

जुळवणाऱ्यांना मी वेडे म्हणत नाही. ज्याला हजार यार्डांवरच्या स्पर्धेत उतरायचं आहे, ज्याला चाप किती औंसांवर सुटावा याचंही मत आहे, त्याने जुळवावी. पण मत व्हायला आधी पुष्कळ गोळ्या झाडाव्या लागतात. पहिल्या रायफलीच्या वेळी दस्त्याची लांबी आपल्याला किती हवी हेच माहीत नसतं, मग तो निवडणार कशाच्या जोरावर?

तिसरी वाट शेजारच्या आजोबांनी दाखवली : जुनी घे. गावातल्या दुकानात मागच्या रॅकवर अशा रायफली ओळीने लावलेल्या असतात. कोणी म्हातारा गेला, पोरांना रस नाही, की दुकानात येतात. त्यात इथली लाडकी म्हणजे रेमिंग्टन 760, हात मागे-पुढे करून काडतूस भरायची पंप रायफल. 1952 ते 1981 बनली. सेमी-ऑटोमॅटिकला बंदी, पण पंपाला नाही, म्हणून या राज्यात ती घरोघर पोचली. तिचं इथलं टोपणनाव 'आमिश मशीनगन', कारण चालते हाताने, पण भराभर. वीज आणि मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या राज्यात हा विनोद कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी 760 हातात घेऊन बघितली. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ती होती .30-06 मध्ये, 1906 साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेल्या काडतुसाची, आणि त्याचा धक्का माझ्या खांद्याला सुरुवातीलाच नको होता. शेवटी त्याच रॅकवरची जुनी सॅव्हेज 110 घेतली, .308 या काडतुसाची. धक्का थोडा कमी, काडतुसं कुठेही मिळतात. दुकानदाराने बॅरलमध्ये बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेऱ्याची नळी, घालून आतले आटे दाखवले, बोल्ट या रायफलीचाच आहे हे तपासलं, आणि गेज लावून हेडस्पेसही बघून दिला. जुनी घेताना एवढं मागायचंच. जो दुकानदार टाळाटाळ करेल त्याच्याकडून घ्यायची नाही.

उरलेल्या पैशांची मजा पुढे आहे. निम्मे दुर्बिणीत गेले. कुलपाच्या स्टीलच्या कपाटात थोडे गेले. घरात पोरं येतात-जातात, त्यामुळे ते रायफलीच्या आधी घरात आलं. नारिंगी जॅकेट आणि टोपी घेतली, कारण डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच झळझळीत नारिंगी असावं असा इथला नियम आहे. बाकीचे काडतुसांत. .308 चं शिकारीचं काडतूस दीड-दोन डॉलरला एक पडतं, त्यामुळे सराव शेजारच्या आजोबांच्या .22 या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर चालतो, जिची गोळी दहा सेंटच्या आसपास. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं ते याच .22 काडतुसावर, हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी लगेच त्याच्या उभ्या पोझिशनचा व्हिडिओ शोधायला लावला आणि दोनदा बघितला.

ऑफिसातला सहकारी अजून म्हणतो, सॅव्हेज आहे ना, मग बॅरल तरी बदल, नट सोडला की झालं. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, .308 ची बॅरल नीट वापरली तर चारपाच हजार गोळ्या सहज काढते, आणि हरणं मारणारा माणूस वर्षाला एक-दोन डबे झाडतो. एका डब्यात वीस काडतुसं.