झेन मलिकचा पहिला अल्बम, आणि त्यात मधेच येणारं उर्दू गाणं

बॉय बँड सोडून सोलो झालेल्यांचा विषय निघाला की सगळे आधी हॅरी स्टाइल्सचं नाव घेतात, आणि घ्यावंच, 2017 चा त्याचा अल्बम मस्तच आहे, पण वन डायरेक्शन या ब्रिटिश बॉय बँडच्या पाच जणांमधला सगळ्यात धाडसी पहिला अल्बम माझ्या मते झेन मलिकचा 'माइंड ऑफ माइन'. गेले काही दिवस फोंडा ते पणजी बसमध्ये परत तोच चालू आहे आणि आता त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीय.

ज्यांना तेव्हाचं आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 25 मार्च 2015 ला त्याने बँड सोडला, तेही वर्ल्ड टूर चालू असताना. आपल्याला बावीस वर्षांच्या साध्या मुलासारखं जगायचंय असं सांगितलं. आणि बरोब्बर एका वर्षाने, 25 मार्च 2016 ला हा अल्बम आला. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे थेट एक नंबरवर. पहिल्याच अल्बमला दोन्ही देशांत पहिल्याच आठवड्यात एक नंबर मिळवणारा तो पहिला ब्रिटिश पुरुष गायक. 'पिलोटॉक' सिंगल तर त्याआधीच दोन्हीकडे एक नंबर होऊन बसलेलं. आकड्यांचं एवढं पुरे, कारण या अल्बममधली माझी आवडती गोष्ट चार्टवर दिसतच नाही.

ती गोष्ट म्हणजे त्याचा खालचा आवाज.

वन डायरेक्शनमधले पाचही जण 2010 च्या एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला एकेकटे आले होते हे लोक विसरतात. एकटे म्हणून कुणी पुढे गेलं नाही, मग परीक्षकांनी त्यांचा ग्रुप केला, शोमध्ये तिसरे आले आणि पुढे जे झालं ते सगळ्या जगाने बघितलं. पण ग्रुप झाला की आवाजांची वाटणी होतेच. प्रत्येकाला आपापली ओळ, मग सगळ्यांचा कोरस. झेनच्या वाट्याला काय आलं? वरची पट्टी. 'यू अँड आय'मध्ये तो जो सूर वर नेऊन धरतो ना, त्याच्यासाठी लोक कॉन्सर्टमध्ये वाट बघत बसायचे. आमच्या वाड्यावर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्यांना अगदी असंच चालतं, घुमट आणि शामेळ ही आमची गोव्याची तालवाद्यं जोरात आली, सगळ्यांचे आवाज चढले की शेवटची वरची ओळ घ्यायला एक ठरलेला मुलगा असतो, आणि तो घेतोही झकास, पण तोच मुलगा शांत बसून मध्यम पट्टीत काय गाईल हे वर्षानुवर्षं कुणी विचारतच नाही.

'माइंड ऑफ माइन'मध्ये झेनला कुणीतरी हे विचारलं असं वाटतं. तो कुणीतरी म्हणजे बहुतेक मले, त्याचा प्रोड्युसर, ज्याने अमेरिकन गायक फ्रँक ओशनच्या 'चॅनल ऑरेंज' अल्बमवर काम केलं होतं. ते दोघं लॉस एंजेलिसजवळच्या अँजेलिस नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू ठोकून, जनरेटर लावून रेकॉर्डिंग करत होते हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आवाजात तो मोकळेपणा आहे, घाई नाही. 'इट्स यू' ऐका. किती हळू चाललंय गाणं, आणि तो ओळ संपवून लगेच पुढच्या ओळीवर उडी मारत नाही, सूर तिथेच थोडा लोंबकळत ठेवतो आणि मग वर जातो, आणि वर जातो तेव्हाही ओरडत नाही, आवाज बारीक करून जातो. बँडमध्ये असं करायला वेळच नव्हता, पुढची ओळ दुसऱ्याची असायची ना. आणि हेडफोन लावून ऐकलं की अजून एक कळतं, मागे जे आवाज भरलेत त्यातही बऱ्याच ठिकाणी तोच आहे, चार मित्रांच्या जागी स्वतःच स्वतःला साथ देतोय. मला हे फार आवडतं, आणि थोडं वाईटही वाटतं.

आता 'फ्लॉवर'. चौदा गाण्यांच्या अल्बममध्ये सातव्या नंबरवर, इंटरमिशन म्हणजे मध्यांतर म्हणून, दोन मिनिटांपेक्षाही छोटं, आणि पूर्ण उर्दूत. झेनचे वडील पाकिस्तानी घराण्यातले, आई इंग्लिश, आणि तो वाढला ब्रॅडफर्डमध्ये. बँडमधल्या पाच वर्षांत ही बाजू गाण्यात कधी आलीच नाही, यायला जागाही नव्हती. आणि इथे, अमेरिकेत एक नंबरला गेलेल्या अल्बमच्या मधोमध, कसलीही प्रस्तावना न करता तो उर्दूत गायला लागतो की प्रेमाचं फूल उमलत नाही तोवर या जिवाला चैन नाही. वाद्यं अगदी कमी. आवाज जवळजवळ उघडा.

हे मी बाबांना ऐकवलं. बाबा म्हणजे अभिषेकीबुवांचे भक्त, इंग्लिश पॉपशी काडीचा संबंध नाही. पेटी पुसत होते, मी फोन पुढे केला. ऐकलं आणि म्हणाले, "कोण गो हा? शिकलेला नाही वाटत, पण मींड घ्यायची ओढ आहे बघ त्याच्या गळ्यात." मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तोडता घसरत जाणं. मग परत लावायला सांगितलं. मी म्हटलं बाबा, हा इंग्लंडचा बॉय बँडवाला. तर म्हणाले, "असू दे की. घरात काहीतरी ऐकलेलं असणार पोराने." मला वाटतं या अल्बमबद्दल यापेक्षा बरोबर मी काही वाचलेलं नाही. आम्ही गोव्यातली मंडळी घरात कोकणी बोलतो, देवळात मराठी अभंग म्हणतो, ऑफिसात इंग्लिश, बसमध्ये हिंदी गाणी, आणि यातलं एक बाहेर ठेवून या म्हणून कुणी सांगितलं तर कुठलं ठेवणार? झेनला पाच वर्षं एक बाहेर ठेवावं लागलं. एकटा झाल्यावर ते आत आणलं आणि अल्बमच्या बरोब्बर मध्यात ठेवलं. कव्हरवर पण स्वतःचा लहानपणीचाच फोटो, हातावर मोठेपणीचे टॅटू काढलेला.

सगळंच आवडतं असं नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात 'बॉर्डर्स', 'ट्रुथ', 'लुकोझेड' पाठोपाठ येतात आणि तिन्हींचा वेग, मूड सगळं एकाच जातीचं, तिथे अल्बम बसतो. शब्दही कमी पडतात कधीकधी, रात्र, नशा, ती, परत रात्र. त्यांच्या आधी 'फूल फॉर यू' पियानोवर येतं म्हणून बरं, ते त्याने मनापासून गायलंय. 'राँग'मध्ये अमेरिकन गायिका केहलानी आली की एकदम हवा बदलते, असं अजून एखादं ड्युएट हवं होतं.

आणि या गाण्यांना स्टेज मिळालंच नाही, ही माझी खरी हळहळ. जून 2016 मध्ये लंडनच्या मोठ्या कार्यक्रमातून त्याने ऐनवेळी माघार घेतली आणि अँग्झायटीमुळे जमत नाहीय असं स्वतः उघडपणे लिहिलं. तेव्हा एवढ्या मोठ्या स्टारने हे स्पष्ट सांगणं साधं नव्हतं, मला त्याचा तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो. पण स्वतःची सोलो टूर करायला त्याला 2024 उजाडलं. भरलेल्या हॉलमध्ये 'इट्स यू'ची पहिली ओळ कशी वाटली असती 2016 ला, विचार करा.

कुणी नव्याने ऐकणार असेल तर शफल बंद ठेवा, 'ड्रंक' संपून 'फ्लॉवर' सुरू होतं तो बदल तसाच अनुभवायला हवा. आणि डिलक्स, म्हणजे जास्तीची गाणी असलेली आवृत्तीच घ्या, कारण 'लाइक आय वुड' फक्त त्यातच आहे, अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात पळणारं गाणं, आणि मूळ चौदांमध्ये ते का घेतलं नाही हे मला अजून पटलेलं नाही. 'लुकोझेड' काढून तिथे तेच टाकायला हवं होतं.