तिसऱ्या आणि चौथ्या पडद्याच्या मध्ये

गेल्या रविवारी दुपारी, जेवणे आटोपून घर जरा निवांत झाल्यावर, मी स्वतः जोडलेल्या वाल्व्ह (तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरचे बटण पहिल्यांदा दाबले. गिटारची वायर अजून लावलेलीही नव्हती. तरीही वाल्व्ह तापून त्यांच्या पोटात नारिंगी उजेड दिसू लागताच आठ इंची स्पीकरमधून एक सूर उमटला आणि तो काही केल्या थांबेना. भजनाला बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याने ओठ मिटून खर्ज धरावा आणि बाकीची मंडळी उठून गेली तरी सोडू नये, तसा तो सूर होता.

शेजारच्या खोलीत अण्णा झोपले होते. त्यांचे वय ब्याऐंशी. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाही, नातीची बारीक आवाजातली बडबड तर मुळीच येत नाही, कारण म्हातारपण कानातले वरचे सूर आधी नेते आणि खालचे बराच काळ राहू देते. ते डोळे चोळत बाहेर आले, क्षणभर उभे राहिले, “हा शंभरचा आहे, पन्नासचा नव्हे,” एवढे बोलले आणि तोंड धुवायला निघून गेले.

ज्याने कधी असली उठाठेव केली आहे, त्याला या एका वाक्याची किंमत समजेल. आपल्या घरातल्या विजेची लाट सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते; हीच तिची फ्रीक्वेन्सी, ५० हर्ट्झ. पन्नासचा सूर गोल असतो. तो बहुधा फिलॅमेंटच्या, म्हणजे वाल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारांतून, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळ बसवलेल्या एखाद्या भागातून येतो. शंभरचा सूर त्याहून खरखरीत असतो. विजेला एकाच दिशेने वाहायला लावणारा रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवतो, म्हणून पन्नासाचे शंभर होतात, आणि असा सूर ऐकू आला की पॉवर सप्लायकडे बोट दाखवावे लागते. मल्टिमीटर हातात घेण्यापूर्वीच माझे अर्धे काम झाले होते, आणि ते मी केलेले नव्हते, याचे मला थोडे वाईटही वाटले.

अण्णा वीज मंडळात होते. माझ्या लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राला लागूनच आमचे क्वार्टर होते आणि कुंपणापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरचा घुमारा आमच्या घरात रात्रंदिवस असे. तोही शंभरचाच, कारण लोखंडी गाभा लाटेच्या प्रत्येक अर्ध्याला एकदा ताणला जातो. कंट्रोल रूममध्ये जायला मुलांना बंदी होती, पण दुपारच्या पाळीत अण्णांचा डबा घेऊन गेलो की दारात उभे राहायला मिळे. तिथल्या फळीवर फ्रीक्वेन्सीचा एक मीटर होता, ज्याला काटा नव्हता. काचेच्या आत पांढऱ्या टोकांच्या बारीक पट्ट्या फणीच्या दातांसारख्या ओळीने बसवलेल्या होत्या, आणि त्यांतली पन्नासच्या आकड्यावरची पट्टी तेवढी थरथरून रुंद दिसत असे. संध्याकाळी दिवे लागले, शेतांवरचे पंप सुरू झाले, की ती हळूहळू स्थिरावे आणि डावीकडची, कमी आकड्याची शेजारीण थरथरू लागे. अण्णा तिच्याकडे पाहत आणि मग फोनकडे पाहत. वरून फोन आला की एखादा फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी वाहिनी, बंद करावा लागे आणि दोन-चार गावे अंधारात जात. माझ्या लेखी तो तेव्हा केवळ दात मोजण्याचा खेळ होता.

त्या काळी संध्याकाळी फ्रीक्वेन्सी ४८.५ हर्ट्झच्याही खाली घसरे, आणि ते नव्वदच्या दशकापर्यंत चालू होते. म्हणजे घराघरांतला घुमारा संध्याकाळी जवळजवळ पाव स्वराने उतरत असणार आणि रात्री उशिरा पुन्हा चढत असणार. आज ती बहुतेक वेळ ४९.९० ते ५०.०५ यांच्यामध्ये राहते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडले गेले, तेव्हापासून तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे यच्चयावत फ्रीज, पंखे आणि माझ्यासारख्यांनी बिघडवलेले ॲम्प्लिफायर एकाच सुरात आणि एकाच ठेक्यात गुणगुणत आहेत.

दुर्दैवाने तो सूर गिटारवर नाही. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा तिसरा पडदा (फ्रेट), म्हणजे जी, ९८ हर्ट्झचा आणि चौथा सुमारे १०३.८ चा, त्यामुळे शंभर त्या दोहोंच्या फटीत, तिसऱ्याकडे थोडे झुकून पडतो. जी मेजर वाजवावी तर मागून कोणीतरी किंचित चढे गाते आहे असे वाटते. माझा ॲम्प्लिफायर ज्याची नक्कल आहे तो फेंडर चॅम्प अमेरिकेचा, १९५० च्या दशकातला; तिथली वीज साठ हर्ट्झची, म्हणून तिथला घुमारा १२० चा, आणि तोही सहाव्या व सातव्या पडद्यांच्या मध्ये अडकलेला. विजेची फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या लोकांत एकही वादक नव्हता हे उघड आहे. अण्णांना मी म्हटले की ग्रिड ४९ वर उतरले तर माझा घुमारा बरोबर जी होईल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

तपासाकडे वळायचे तर, प्रथम मी तीच चूक केली जी सगळे करतात. पॉवर सप्लायचा दोष म्हणजे वीज साठवून तिची धार सारखी ठेवणारा कंडेन्सर कमी पडतो, असे गृहीत धरून पुण्यातल्या तापकीर गल्लीत गेलो आणि २२ मायक्रोफॅरडच्या जागी ४७ चा आणून बसवला. सूर तसाच राहिला, आणि रेक्टिफायरच्या ५वाय३ वाल्व्हमध्ये सुरू होताना एक निळसर ठिणगी मात्र दिसू लागली, कारण त्या जातीच्या वाल्व्हला पहिला कंडेन्सर फार मोठा सोसत नाही. तो मुकाट्याने काढला. मग व्हॉल्यूम शून्यावर नेला. काही फरक पडला नाही. मग सूर मोठा करणारी १२एएक्स७ ही वाल्व्ह उपसून काढली आणि सूर जवळजवळ नाहीसा झाला. या वाल्व्हच्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सूर मोठा करणारे दोन वेगळे भाग, असतात आणि व्हॉल्यूमचा कंट्रोल त्या दोहोंच्या मध्ये येतो. तेव्हा चोर दुसऱ्या अर्ध्यातून शिरत होता.

चॅसिस (ॲम्प्लिफायरचा धातूचा सांगाडा) उलटे करून, प्लग काढून, कंडेन्सरमधले साडेतीनशेच्या आसपासचे व्होल्ट रेझिस्टरमधून उतरवून (आणि अण्णांच्या शिस्तीप्रमाणे डावा हात खिशात ठेवून) मी तारा पाहू लागलो, तेव्हा दोष डोळ्यांसमोरच होता. तारा कमी दिसाव्यात या हौसेने मी पहिल्या कंडेन्सरची ऋण बाजू आणि त्या ट्रायोडची जमीन (ग्राउंड) एकाच तारेवर घेतली होती. कंडेन्सर संथपणे भरत नाही. तो सेकंदाला शंभर वेळा, लाटेच्या माथ्यावर, मोठा घोट घेतो. चाळीत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने पिंप भरायला नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार जशी बारीक होते, तशी त्या प्रत्येक घोटाला माझ्या ट्रायोडची जमीन जराशी हलत होती. ते हेलकावे काही मिलिव्होल्टचेच असतील, पण वाल्व्हचे कामच मुळी लहान गोष्ट मोठी करण्याचे. कंडेन्सर कितीही मोठा घेतला तरी पाइप तोच असल्यावर काय उपयोग होणार?

ती तार कापून मी कंडेन्सरची ऋण बाजू थेट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपवर (गुंडाळीच्या मध्यातून काढलेल्या टोकावर) नेली, आणि ट्रायोडची जमीन वेगळ्या तारेने इनपुट जॅकपाशी आणली. या सगळ्याला एक वीतभर तार आणि डाखाचे तीन ठिपके लागले. बटण दाबले, वाल्व्ह तापू दिल्या, आणि स्पीकरला कान लावल्याशिवाय काही ऐकू येईना.

अण्णांना बोलावले. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ मान तिरकी करून ऐकत राहिले. “चालू आहे का?” त्यांनी विचारले. मी वाल्व्हच्या उजेडाकडे बोट दाखवले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी उठून ट्रान्सफॉर्मरवर पंजा पालथा टेकवला, उपकेंद्रातल्या मोटारींवर टेकवत तसा, आणि डोळे मिटले.

“लॅमिनेशन सैल आहे,” ते म्हणाले, म्हणजे गाभ्याचे पत्रे. “वार्निश नीट मुरलेले नाही. ज्याने गुंडाळला त्याला परत दे.”

“तो आता परत घेणार नाही, अण्णा.”

“मग पाचर मारू. तू आधी प्लग काढ,” असे म्हणून ते काड्यापेटी शोधायला स्वयंपाकघरात गेले.