गढी, मामा आणि भुताचं मीटर

परभणीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर मल्टिमीटर हातात, त्यामुळे भूत शोधायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा आधी मागवलं ते यंत्रच. यूट्यूबवरची पोरं अंधारात नाचवतात ते पाच दिव्यांचं ईएमएफ मीटर. जवळपास चुंबकीय क्षेत्र वाढलं की दिवे हिरव्याकडून लालकडे चढत जातात. शेवटचा लाल दिवा 20 मिलिगॉसच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) पुढे. भूत किती मिलिगॉसचं असतं, हे माहितीपत्रकात नव्हतं.

जागा ठरलेलीच होती, मामाच्या गावची गढी. पांढऱ्या मातीच्या भिंती, ढासळलेले बुरूज, आत सगळी येडी बाभूळ. बाळंतपणात गेलेली सून तिथं हडळ होऊन राहते आणि मध्यरात्री धापा टाकते, असं अख्खं गाव सांगतं. मामीनं कपाळाला हात लावला, "कामून नसता उद्योग करायलास रे? लगीन कर की."

कुणी नव्यानं हे करणार असेल तर एक सांगतो. आपल्याकडं रात्री गढीत बॅटरी चमकली की लोक म्हणतात, गुप्तधनवाले आले. मग हडळ राहते बाजूला, गावच बडवतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुप्तधनापायी होणारे अघोरी प्रकार येतात. म्हणून मी आधी पोलीस पाटलांना सांगून आलो. ते म्हणाले, "काही दिसलं तर मलाबी फोन करा."

दुपारी मीटर घेऊन सगळी गढी फिरलो, कुठं किती दिवे लागतात ते वहीत लिहिलं. सगळीकडं एकच हिरवा. रात्री मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला, रेकॉर्डर एका कोनाड्याखाली ठेवला. नियम असा की आपला कुठलाही आवाज झाला की लगेच तोंडानं सांगायचं, म्हणजे नंतर ऐकताना घोळ नको. मामानं तो मनापासून पाळला. रेकॉर्डिंगमध्ये थोड्याथोड्या वेळानं त्याचा आवाज आहे: "हा मी खोकललो." "तंबाखू थुंकलो." "हे पोट वाजलं, माझंच."

बाराच्या सुमारास मागच्या भिंतीजवळ मीटर एकदम पिवळ्यावर गेलं. अंगावर सर्रकन काटा आला. पाठोपाठ लांबून घुंऽऽ असा आवाज, एकात एक मिसळत वाढलेला. मामा म्हणाला, "लाईट आली."

त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज रात्रीच्या पाळीत होती. भिंतीला लागूनच शेताकडं तारा गेल्यात, आणि ऑटो स्टार्टर लावलेल्या मोटारी लाईट येताच आपोआप सुरू होतात. तारेत नुसतं व्होल्टेज असलं तर हे मीटर गप्प बसतं, करंट वाहायला लागला की बोलतं. दुपारी मोटारी बंद होत्या, म्हणून वहीत तिथंही हिरवाच.

धापा मात्र खरंच सापडल्या. दुकानात हेडफोन लावून ऐकलं तर लांबलचक, घोगरं श्श्श… मध्ये थांबून परत श्श्श… मामानं कबूल न केलेला एवढाच एक आवाज. पुन्हा दिवसा गेलो. कोनाड्याखाली भिंतीवर पांढरे ओघळ आणि जमिनीवर काळपट गोळे. काडीनं एक फोडला. आत केसांत गुंडाळलेली उंदराची कवटी, पुढचे पिवळे दात जसेच्या तसे. गव्हाणी घुबड! त्याची पिल्लं भुकेजली की रात्रभर अशीच फिसकारतात. हे मी गावात कुणाला सांगितलं नाही, आणि गावाचं नावही इथं मुद्दाम लिहीत नाही. घुबड म्हटलं की पोरं दगड घेऊन धावतात. हडळीच्या वाटेला कुणी जात नाही.

त्या रात्रीची खरी कमाई म्हणजे मामानं सांगितलेला त्याचा जुना चकवा. एका ढगाळ अवसेच्या रात्री तो दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघाला आणि स्वतःच्याच शेताभोवती फिरत राहिला. बांध यायचा, बाभूळ यायची, पुन्हा तोच बांध. शेवटी म्हाताऱ्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणं बिडी पेटवून जागेवर बसला, उजाडल्यावर घरी आला.

मी त्याला सांगितलं की 2009 मध्ये जर्मनीतल्या टुबिंगनच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला लावलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो दिसेनासा झाला की गोल फिरायला लागले, आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधले तेव्हा तर काहींचा गोल 20 मीटरच्याही आत. म्हणजे बसून राहायचा सल्ला एकदम बरोबर.

मामानं तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी जर्मनीतबी चकवा हाय म्हण की."