सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू ‘नवा’ कधी म्हणायचा?

शेतातल्या सोयाबीनच्या गाठीतून जिवाणू वेगळा करायचा, १६एस जनुक (जिवाणू ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) वाचून घ्यायचं आणि ९९ टक्के जुळलं की ‘जुनीच जात’ म्हणून मोकळं व्हायचं, असं बरेचदा होतं. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली गेलं तर जात नवी असू शकते, हा नियम बऱ्याच जिवाणूंना लागू पडतो. सोयाबीनच्या गाठीत राहून नत्र स्थिर करणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमला मात्र नाही. त्यातल्या कित्येक वेगवेगळ्या जातींचं १६एस ९९ टक्क्यांहून जास्त जुळतं, त्यामुळे नवी जात हातात असूनही निसटते.

सुरुवात गाठींपासून. झाड फुलोऱ्यात असताना मूळ मातीसकट खणून काढावं. आतून गुलाबी असलेल्या गाठी घ्याव्यात आणि कापताना मुळाचा छोटा तुकडा गाठीला राहू द्यावा. तो नसला तर जंतुनाशक आत झिरपतं आणि हवा तो जिवाणूच मरतो. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुणं. शेवटच्या धुवणाचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरावंच. तिथे काही उगवलं तर पृष्ठभाग साफ झालेला नाही, ती बॅच बाद.

गाठ चिरडून काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल आगरवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) रेघा ओढायच्या, तापमान २८ अंश. इथे धीर लागतो. दुसऱ्या दिवशी ठळक दिसणारी वसाहत (जिवाणूंचा ठिपका) बहुधा बॅसिलस किंवा ॲग्रोबॅक्टेरियमची असते, दोघंही गाठीत सापडतात. ब्रॅडीरायझोबियमला आठवडा, कधी दहा दिवस लागतात. वसाहत जेमतेम मिलिमीटरभर, पांढरट, लाल रंग फारसा न शोषणारी. आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलणाऱ्या ब्रोमोथायमॉल ब्लूच्या प्लेटवर ती माध्यम निळं करते, जलद वाढणारे रायझोबियम पिवळं. शुद्ध झालेली कल्चर (वाढवलेले जिवाणू) २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावी. मग ती खरंच गाठी घडवते का हे निर्जंतुक वाळूतल्या सोयाबीनच्या रोपांना, नत्राविना पोषणद्रावण देऊन, लावून पाहावं. जिवाणू न दिलेल्या रोपांवरही गाठी आल्या तर प्रयोग पुन्हा.

डीएनए काढताना या जिवाणूचा चिकट स्राव छळतो. पेशी आधी १ मोलर मिठाच्या पाण्याने धुतल्या आणि सीटॅब पद्धत (सीटॅब हे रसायन वापरून डीएनए काढणं) वापरली तर निभावतं. सँगर पद्धतीने डीएनए वाचल्यावर मिळणाऱ्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसू लागली तर कल्चर मिसळलेली असण्याची शंका आधी घ्यावी.

खरा निवाडा जीनोमवर, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएवर. जवळच्या प्रत्येक जातीच्या प्रमाण-वाणाशी (ज्या जिवाणू-वाणावरून ती जात ठरवली त्याच्याशी) तुलना करायची, ब्लास्ट या डीएनए-शोध साधनात सर्वांत वर आलेल्या नोंदीशी नव्हे. सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५–९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीएनए संकरण (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली असेल तर दावा उभा राहतो. जोडीला आरईसीए, जीएलएनटू अशा जनुकांचा वंशवृक्ष हवा. एनओडीसीवरून मात्र जात ठरवू नये: गाठी घडवणारी जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतात, त्यांच्यावरून पीक कळतं, वंश नाही. आणि शक्यतो जिवाणूच्या एकाच वाणावर जात उभी करू नये. दोन-तीन शेतांतले वाण असले तर जातीतला फरक आणि वाणातला फरक वेगळे काढता येतात.

नाव वैध व्हायला प्रमाण-वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या, सर्वांना खुल्या संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्याचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे, जर्मनीत डीएसएमझेड हा जिवाणूंचा संग्रह. संग्रहांची प्रमाणपत्रं यायला वेळ लागतो, म्हणून लेख लिहायला घेण्याआधीच कल्चर पाठवाव्यात.